वाळवलेली वेणी

नात कॅरिबियन बेटावर बुड्या मारायला जायचा बेत आखतेय. तिच्या नव्या मास्कच्या रबराचा वास आला नि मी मालवणात पोचले. साठ सालाच्या आधी कधीतरी, जहाजावरच्या काकांनी असाच एक आणला होता.

चुलत बहीण शकू नि मी ठरवलं, ओहोटीला खडकांवरून बुडी मारायची आणि केस वाळवूनच घरी जायचं. समुद्राची भीती नव्हतीच, आईची होती.

पाण्याखाली सगळं हिरवं, थंडगार. वरून कधीच न दिसणारा, आरपार भोक असलेला एक खडक तिथे होता.

केस वाळले, पण आईने वेणी हुंगली. मी मान खाली घातली.

“तो भोकाचो खडक अजून आसा मा गो थंय?” तिने हळूच विचारलं.

“आसा,” मी म्हटलं, आणि ओरडा चुकला म्हणून खूश झाले.