चेपेने उसनं दिलेलं नाव

चेपेला चेपे सोडून आणखी एक नाव आहे, हे आमच्या बातेय ला सेइबात निम्म्या लोकांना माहीतच नव्हतं. असायचं कारणही नव्हतं. बातेय म्हणजे उसाच्या मळ्यातली मजुरांची वस्ती, इथे कागदावरचं नाव लागतं ते बाप्तिस्म्याला, लग्नाला आणि शेवटी मी प्रार्थना म्हणायला येते तेव्हा. मधलं सगळं आयुष्य टोपणनावावर निघतं. मी दोमितिला, पण दोमि गाळून मला सगळे नुसतं 'तिला' म्हणतात. कुणाच्या घरी माणूस गेलं की तिथे नऊ दिवस प्रार्थना म्हणायची, हे माझं काम. माझी जीभ तिखट आहे असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे, माझ्यावाचून त्यांचं अडतंच.

चेपे म्हणजे काही विशेष माणूस नव्हे. बारका, काळा, कमी बोलणारा. गाडीत ऊस भरायचा आणि संध्याकाळी शेजारच्या कुकोचे चेंडू झेलायचा. फेलिसिताचा एकुलता एक मुलगा हा कुको. तो लिंबं फेकायचा, मोज्यांचे गोळे फेकायचा, कुणी खरा चेंडू दिला की तोही फेकायचा, आणि चेपे उकिडवा बसून ते सगळं उघड्या हातांनी घ्यायचा. त्याचे तळहात सुजलेले मी पाहिलेत. अरे मेल्या, दुसरं कुणी नाही का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाला, दुसरे चेंडूला घाबरतात.

मग नेने नावाचा दलाल आला. पोरं हेरायची, तयार करायची आणि अमेरिकेच्या बेसबॉल क्लबांना दाखवायची, हा त्याचा धंदा. कुकोचे पाच-सहा चेंडू बघून त्याने टोपीच काढली. मग वय विचारलं आणि टोपी परत डोक्यावर ठेवली. चेंडू फेकणारा, पिचर, वीस वर्षांचा असला तर कोण ढुंकून बघतंय, सतराचा असता तर आजच सही झाली असती, असं म्हणाला. चेपे तेव्हा सतराचा होता.

एका कॉफीत ठरलं सगळं. फेलिसिता चेपेच्या आईच्या स्वयंपाकघरात येऊन बसली, दोघी बायका कुजबुजल्या, आणि उंबऱ्यावर बसलेला चेपे म्हणाला, घेऊन जा की, मला काय करायचंय. झालं. विल्फ्रिदो लाहारा हे चेपेचं नाव कुकोकडे गेलं. ऊस कंपनीच्या नोंदीला काहीतरी कागद हवा म्हणून कुकोचं नाव, ओनेसिमो पुएयो, चेपेकडे आलं. जम बसला की तुझं तुला परत, असं कुको आल्ताग्रासियाच्या मेरीमाउलीच्या तसबिरीवर हात ठेवून म्हणाला. आमच्याकडे गाढव उसनं देतात, शिडी देतात, लग्नाचे बूट देतात. नाव परत येणार नाही असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. क्लबचा माणूस चौकशीला गल्लीत आला तेव्हा आम्ही सगळे सरळ चेहऱ्याने खोटं बोललो. मीही बोलले, आणि त्याला वर आल्याचा चहा पाजला.

कुको वर चढत गेला. मोठ्या संघातला त्याचा पहिला सामना आम्ही कोपऱ्यावरच्या दुकानात टीव्हीवर पाहिला. समालोचक विल्फ्रिदो लाहारा असं ओरडला आणि चेपेने चटकन मान वळवली. काय हसले सगळे! चेपेही हसला. पहिला विजय मिळाला त्या दिवशी मी त्याला विचारलं, कसं वाटतंय रे?

"काही नाही मावशी," तो म्हणाला. "चेंडू चांगला होता."

तिसऱ्या वर्षी कुकोने तो सामना गाजवला, ज्यात समोरच्या एकालाही धड फटका मारून धावता आलं नाही. वस्तीने भांडी बडवली, मोटरसायकली रस्त्यावर आल्या, शर्टांवर लाहारा हे नाव रंगवून पोरं नाचली. त्याच आठवड्यात चेपेचं मिरेलिसशी लग्न होतं. पाद्रीबाबांनी ओनेसिमो पुएयो असं नाव पुकारलं आणि मिरेलिसचे मामा दाराकडे वळून बघायला लागले, आणखी कोण येतंय म्हणून. चेपेची आई उठली आणि बाहेर गेली. मी तिच्या मागे गेले. ती भिंतीला टेकून उभी होती, रडत नव्हती. मला म्हणाली, माझ्या मुलाचं लग्न आत नाही, ते अमेरिकेत होईल.

कुकोचे शंभर विजय झाले त्या उन्हाळ्यात ही बाई गेली. मृत्यूची नोंद करायला चेपे कचेरीत गेला तेव्हा मी सोबत होते. कारकुनाने विचारलं, मुलगा कोण? कागदावर मुलगा विल्फ्रिदो लाहारा. कारकून खुर्चीतून उठलाच. आमच्या लाहाराची आई गेली म्हणून त्याने खरोखर डोळे पुसले. मग चेपेचं ओळखपत्र बघितलं आणि अगदी नम्रपणे म्हणाला, तुम्ही शेजारी का? मग जरा बाहेर बसा. चेपे बाहेर बाकावर बसला. मला वाटलं हा आता काहीतरी फोडेल. त्याने फोडलं असतं तर मी मदत केली असती.

त्या दिवशी चेपेने पहिल्यांदा फोनवर आपलं नाव परत मागितलं. कुको रडला म्हणे. म्हणाला, आत्ता कळलं तर सगळे विजय पुसून टाकतील, बायकोपोरांचे तिथले कागद माझ्या या नावावर उभे आहेत, त्यांना हाकलून देतील, अजून दोन हंगाम थांब. चेपे बरं म्हणाला. दोन हंगामांनी कुको वर्षातला सगळ्यात चांगला पिचर ठरला, मग कसं मागणार? मग त्याने दोन हजारावा बॅटर बाद केला आणि दुकानाच्या भिंतीवर त्याचं भलंमोठं चित्र आलं. चेहरा कुकोचा, खाली नाव चेपेचं. तोवर चेपे मोटरसायकलवर भाडं मारत होता आणि गिऱ्हाइकाची वाट बघत त्याच भिंतीच्या सावलीत उभा असायचा. मागे बसलेली माणसं लाहाराचं कौतुक करायची आणि हा हूं हूं करत गाडी चालवायचा. एव्हाना त्या नावाला तो मानसुद्धा हलवत नव्हता.

कुको वाईट नव्हता. मैदानाला दिवे त्याने लावले, दर हिवाळ्यात इथल्या संघाकडून खेळला, आला की आधी चेपेच्या दारात जायचा. पण दुसऱ्याच्या नावात इतकी वर्षं राहिलं की ते अंगाला बसतं, उतरवायचं जिवावर येतं. मला त्याचा राग यायचा आणि तो समोर आला की जायचा. असलं ते पोरगं.

शेवटी हात गेला. छत्तिशीतच खांदा कसा संपला म्हणून वर्तमानपत्रवाले हळहळले. आम्हाला माहीत होतं, तो एकोणचाळीसचा आहे. ऑक्टोबरात त्याने खेळणं थांबवलं आणि नाताळाला बायकोपोरांसकट घरी आला. चेपेच्या अंगणात, माझ्यासमोर म्हणाला, जानेवारीतला तीन राजांचा सण होऊ दे, मग लगेचच्या सोमवारी आपण दोघं कचेरीत जाऊ, खरं काय ते सांगू, वकिलाशी बोललोय मी, पोरांचं काय ते तो बघणार आहे. तुझं तुला, माझं मला. मिरेलिसने चेपेचा पांढरा सदरा धुऊन इस्त्री केला. चेपे मला म्हणाला की त्या नावाने सही कशी करायची ते आठवत नाहीये. म्हणून तो ती गिरवत बसला होता. मी त्याला इतका खूश कधी पाहिला नाही, आणि खूश म्हणजे काय, तर जरा जास्त बोलत होता.

रविवारी पहाटे रोमानाच्या रस्त्यावर उसाचा एक ट्रक दिवे न लावता उभा होता. कुकोची गाडी त्याच्या खाली गेली.

मला रडू आलं नाही. या कामात माझं रडणं कधीच आटलंय. चेपेनेही डोळ्यांतून टिपूस काढला नाही. त्याने खुर्च्या आणल्या, ताडपत्री बांधली, बर्फ आणला. पेटी उचलणाऱ्यांत पुढे तोच होता, आणि पेटीवरच्या पितळी पाटीवर त्याचंच नाव होतं.

मग प्रार्थना सुरू झाल्या. वेदी मांडली, पांढरं कापड, मेणबत्त्या, फोटो, आणि जाणाऱ्या जिवाला तहान लागते म्हणून पाण्याचा पेला. समोर क्लबची माणसं, कॅमेरेवाले, राजधानीतून आलेले बडे लोक. लाहाराची आई केव्हाच गेली आणि त्याला या फेलिसितानेच वाढवलं, असं आम्ही त्यांना सांगितलं होतं. मी म्हटलं, तुझा सेवक विल्फ्रिदो लाहारा याला, प्रभू, चिरशांती दे. सगळे आमेन म्हणाले. विल्फ्रिदो लाहारा मागे उभा राहून खुर्च्या सरळ करत होता. जिवंत माणसाच्या आत्म्याला मी शांती मागत होते, आणि तो मला दिसत होता. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. नंतर नंतर तर म्हणताना माझ्या अंगावर काटाही येईना.

मिरेलिस त्याच्या मागे लागली होती. कुको गेला, आता कुणाला काय होणार आहे, जाऊन सांग मी कोण ते. आज नाही सांगितलंस तर कागदावर तू मेलास, कायमचा. कुकोची बायको दायाना माझ्याकडे आली, दोन मुलांना घेऊन. तिला स्वतःला हे सगळं लग्नानंतर कळलेलं. तिने वकिलाचं सांगितलं. कुको स्वतः उभा राहून बोलला असता तर गोष्ट वेगळी होती, आता असंच बाहेर आलं तर मुलांचं काय होईल ते वकीलही सांगत नाही. मी चेपेला दोघींचं बोलणं जसंच्या तसं कळवलं. तो बरं म्हणाला. हे बरं कुणाला होतं, ते मला समजलं नाही.

आणि फेलिसिता. तिने जेवण सोडलं होतं. आठव्या दिवशी सगळे गेल्यावर तिने माझा हात धरला.

"अगं तिला, माझ्या पोराला कुणी हाकच मारत नाहीये," ती म्हणाली. "पाणी बघ पेल्यातलं. थेंबभरही कमी झालेलं नाही. तो दाराशी उभा असेल, आणि तू दुसऱ्यालाच आत बोलावतेयस."

मी पाद्रीबाबांना विचारलं होतं. ते म्हणाले, देवाला सगळ्यांची नावं माहीत असतात. असतील. पण मी हे काम त्यांच्या आधीपासून करतेय, आणि नाव न घेता घरातून निघालेला जीव मी तरी पाहिलेला नाही.

शेवटचा दिवस सकाळी सुरू होतो आणि दुपारच्या जेवणाने संपतो. अंगण भरलं होतं. टीव्हीवरची एक मुलगी माइक घेऊन माझ्या शेजारीच उभी होती. मी शेवटच्या मागणीपर्यंत आले, तुझा सेवक म्हणाले, श्वास घेतला, आणि तेवढ्यात फेलिसिता खुर्चीतून उठली.

"ओनेसिमो पुएयो," ती म्हणाली, स्पष्ट, मोठ्याने. "माझा मुलगा. त्याला शांती दे."

सवयीने काही जण आमेन म्हणाले आणि मध्येच थांबले. मला वाटलं, आता आकाश कोसळणार. काही कोसळलं नाही. बाहेरून आलेल्यांतल्या कुणालाच ते नाव माहीत नव्हतं. लोक एकमेकांकडे बघत होते, कुणीतरी कुजबुजलं की म्हातारीचं डोकं फिरलंय दुःखाने. दायानाने मुलांचे खांदे घट्ट धरले. टीव्हीवाल्या मुलीने मला विचारलं, हा कोण? आणखी एक मुलगा होता का यांना?

माझी जीभ, जिला सगळा बातेय घाबरतो, ती टाळ्याला चिकटली. मिरेलिस चेपेकडे बघत होती. तिचे ओठ हलत होते, बोल, बोल. चेपे पुढे आला. तो पांढरा सदरा त्याने घातला होता. मला खात्री होती की तो आता आपलं नाव सांगणार, आणि खोटं कशाला बोलू, मला ते हवं होतं.

"मी," चेपे म्हणाला. "ओनेसिमो पुएयो मीच. शेजारी राहतो. लहानपणापासून मला मुलगाच मानते ती, म्हणून माझंही नाव घेतलं."

खिशातून ओळखपत्र काढून त्याने दाखवलं. मुलीने ते वाचलं, तिला बरं वाटलं, ती हसली आणि म्हणाली, मग देव तुम्हाला उदंड आयुष्य देवो. आणि या वेळी सगळं अंगण एका आवाजात आमेन म्हणालं. पोराच्या शांतीसाठी उठलेल्या फेलिसिताच्या कानावर ते पडलं. ती खाली बसली. मी पुढची प्रार्थना म्हटली, विल्फ्रिदो लाहाराच्या नावाने, शेवटपर्यंत, कुठे अडखळले नाही.

मग जेवणं झाली. भात, घेवडा, बकऱ्याचं मटण. मिरेलिस आपल्या पोरांना घेऊन न जेवता निघून गेली, तिने मागे वळून पाहिलं नाही. चेपे ताडपत्रीचे दोर सोडत होता. फेलिसिताने स्वतः ताट वाढलं, नऊ दिवसांत पहिल्यांदा ती चुलीजवळ गेली होती. ताट घेऊन ती त्याच्यापाशी आली.

"ओनेसिमो," ती म्हणाली, "जेवून घे, बाळा."

चेपेने दोर खाली ठेवला, हात पँटला पुसले आणि ताट घेतलं.

"हो, आई," तो म्हणाला, आणि तिथेच उभ्याउभ्या जेवला.