चुकून निघालेलं आमेन

सांगू का, आज माझी चांगलीच फजिती झाली.

कामरगावात आमच्या घरी रविवारची प्रार्थना होती. शेजारचे डॅनियलकाका डोळे मिटून म्हणाले, "बापा, या इलेक्शनात आमच्याच पक्षाले निवडून आन."

अन् सवयीनं सगळ्यांत मोठ्यानं मीच म्हटलं, "आमेन!"

मत तर मी दुसऱ्या पक्षाला देणार आहे. निवडून आलो तर घरातल्या प्रार्थना कोणी बंद पाडणार नाही, असं त्या पक्षाचे लोक म्हणतात.

चहाच्या वेळी मी चिडलेच. "काका, प्रार्थनेत पक्ष कायले आनता?"

"पोरी, ते आपल्या कब्रस्तानले कंपाउंड देतो म्हनतात. तुह्या काकूच्या कबरीवर ढोरं चरून राह्यले."

माझं मत बदललं नाही. पण ते आमेन मागे घ्यायला जीभ रेटत नाही.

तुम्ही घेतलं असतं?