हाक न देणाऱ्या खिडक्या

कळंबच्या पेठेत माळवदावर, म्हणजे घराच्या मातीच्या गच्चीवर, चढायचं तर आधी ‘गोशाऽऽ!’ अशी आरोळी ठोकायची. माती टाकायला चढलेला गडी असो की घरचा मालक. खालच्या अंगणातल्या बाया पदर सावरून आत झाल्या की मगच त्यानं मुंडकं वर काढायचं. निजाम गेला, रीत ऱ्हायली.

त्या रितीवरच सरदारबी मणेरणीचं पोट चालायचं. निजामावरच्या पोलीस ॲक्शनच्या साली नवरा गेला, तशी ती स्वतः बांगड्या भरायला बसली. तिच्या अंगणात बाया दंडापस्तोर हात उघडे टाकायच्या, सासवांचा उद्धार करायच्या, खिदळायच्या. बाप्याची नजर तिथं पोचत नव्हती.

मग रस्ता रुंद झाला. माळवदं पडली, सिमिटाच्या तीनमजली इमारती उठल्या. हत्तीखान्यात शेरडू बांधावं तसं सरदारबीचं घर मधे अडकलं. कल्याणप्पा आडत्याच्या एकट्या इमारतीच्या आठ खिडक्या तिच्या अंगणावर उघडल्या. खिडक्या कुठं आरोळी देतात?

पेठेतली तारामती लेकीला लग्नाचा चुडा भरायला घेऊन आली. नवरीनं हात पुढं केला न् वरून शिट्टी आली. सरदारबीनं चार शिव्या वर फेकल्या, दोघींच्या डोक्यावर वाकळ ताणून बांधली न् तिच्या अंधारात चुडा भरला. पोरगी उजेडात आली तर हिरव्या चुड्यात एक निळी बांगडी! आता ती वाढवायची, म्हणजे नवरीच्या हातातली काच फोडायची. तारामतीचं तोंड उतरलं.

“सरदारबी, तुमच्याकडं यायचं आता भ्या वाटतंय.”

सरदारबीनं दातओठ खात ती निळी वाढवली न् तशीच आडतीवर गेली.

“अप्पा, खिडक्या बुजव.”

“मंजुरीचा कागद हाय, बाई. तुमीच अंगणावर पत्रे टाका की.”

“पत्र्याखाली हिरवं-निळं कळतंय व्हय? तुझ्या आईचा चुडा म्या भरला, बायकूचा म्या भरला!”

“मग जागाच विका मला.”

“तुझ्या मढ्याला इकते!”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शिडी लावून आपल्या माळवदावर चढली. आरोळी दिली नाही. समोर कल्याणप्पाच्या राहत्या मजल्याच्या चार खिडक्या. त्याची बायको शिवगंगा न्हाऊन केस पुसत होती. सरदारबी मांडी ठोकून टकामका बघत बसली.

शिवगंगा किंचाळली, “अगं बाई! हाक तरी द्यायची!”

“तुमच्या खिडक्यांनी दिली व्हती का?”

तिसऱ्या दिवशी ती पानाचा डबा घेऊनच चढली. अप्पा जेवायला बसला तशी वरडली, “अप्पा, भाकरी लई हाणतूस की!” चौथ्या दिवशी गवंडी आला न् त्या मजल्याच्या चारी खिडक्या विटांनी बुजल्या.

पेठेला वाटलं, म्हातारीचं डोकं गार झालं. पण शिट्टी आली होती ती त्याच्या वरच्या, भाडेकरूंच्या मजल्यावरून. तिथल्या चार अजून सताड उघड्या होत्या, न् माळवदावरनं भिंतीला लावली तरी शिडी तिथवर पुरत नव्हती.

शिडी खांद्यावर मारून सरदारबी सुताराच्या दारात गेली.

“हिला सात पायऱ्या वाढव. बाभळीच्या घाल. लई दिस चढायचंय.”