हीटर मिस्त्रींचं नाक

रॉकेलवर चालणारे हीटर दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींच्या नाकाची गल्लीत मोठी ख्याती होती. डब्याचं झाकण उघडायचं, एकदा हुंगायचं आणि सांगून मोकळं व्हायचं, "मागच्या हिवाळ्यातलं रॉकेल आहे, टाकून द्या." वात बदलणं, जळकी कड कातरणं, टाकीतलं पाणी काढणं काय, कुणीही शिकेल. लोक यायचे ते त्या नाकासाठी.

गेल्या वर्षीच्या तापात त्याच नाकाला वास येईनासा झाला. मिस्त्रींनी बायकोलाही पत्ता लागू दिला नाही. हुंगायचं सोंग चालूच ठेवलं. हे कळलं तर आपल्या दुकानाची पायरी कोण चढणार?

त्या दुपारी सर्दीने नाक चोंदलेली बेकरीवाली हीटर आणि डबा घेऊन आली. "पेटला की नुसता धूर ओकतो मेला!" मिस्त्रींनी नवी वात बसवली, डबा हुंगला, "एकदम चोख माल" म्हणत टाकी भरली. वात भिजेपर्यंत गप्पा झाल्या. मग त्यांनी काडी काढली.

चहा घेऊन आलेली बायको दारातच ओरडली, "अहो, थांबा! पेट्रोलचा केवढा वास सुटलाय!"

मिस्त्रींनी डब्यात बोट बुडवलं. रॉकेल बोटाला तेलकट चिकटून राहतं. हे गार लागलं आणि बघता बघता उडून गेलं.

"अगं बाई, ह्यांनी गाडीसाठीचा डबा दिला वाटतं मला!" बेकरीवालीच्या तोंडचं पाणी पळालं. "पण काका, तुम्ही तर हुंगलंत ना?"

मिस्त्रींनी काडी डबीत परत ठेवली. बेकरीवाली हीटर तिथेच टाकून निघून गेली.

"वर्षभर करपलेलं दूध मुकाट्याने प्यायलात," बायको म्हणाली. "मला वाटलं, स्वभाव निवळला. जाऊ दे, उद्यापासून मी वास घेत जाईन. कुणाला कळायचं नाही."

"आणि या थंडीत मी चांगलं म्हणून पाठवलेले डबे?"

मिस्त्रींनी चपला अडकवल्या आणि धापा टाकत आधी लेकीचं घर गाठलं. परवाच त्यांनी तिचाही डबा हुंगून दिला होता. पोटच्या पोरीशीही तेच सोंग.

तान्ह्या मुलीला खांद्यावर घेऊन लेकीने दार उघडलं.

"हीटर पेटवू नकोस. मला वास येत नाही."

"कधीपासून, बाबा?"

"हिच्या जन्माआधीपासून. हिच्या टाळूचा वाससुद्धा मला ठाऊक नाही गं." म्हाताऱ्याला रडू फुटलं.

लेकीने त्यांची समजूत काढली नाही. तिने डबा उचलून बाहेर नेऊन ठेवला.

"रडता काय, बाबा? बाकीच्यांकडे जा आधी. पळा!"