तीनदा वाजलेली बेल
मुरुक्कू, म्हणजे दाक्षिणात्य चकली, तळल्याचा वास आला की मला पेरुंगुडीच्या फ्लॅटची बेल ऐकू येते. तिथे आम्ही तिघं मित्र दर शनिवारी संध्याकाळी अंतराळातली एक अ‍ॅनिमेशन मालिका बघायचो, आणि बँकेत नोकरी करणारे एक काका, एकटेच राहायचे, तेही बघायला यायचे, शहराच्या पार दुसऱ्या भागातून, एग्मोरहून, मुरुक्कू घेऊन. वाहिनीने मालिका अर्ध्यावरच बंद केल्याचं कळलं तेव्हा आम्ही शिव्या घातल्या, काका एवढंच म्हणाले, "अरे, मग यानातली ती मुलगी घरी कशी यायची?" पुढच्या शनिवारी बेल वाजली. आता यांना काय दाखवायचं, म्हणून आम्ही पंखा बंद करून, हसू दाबत गप्प बसलो. तीनदा वाजली. नंतर दार उघडलं तर कडीला मुरुक्कूची पिशवी लटकत होती, चौघांना पुरेल एवढी. काका परत आले नाहीत. हल्ली मीही एकटाच राहतो. शनिवारी संध्याकाळी दार नुसतं लोटून ठेवतो.