डबल बेलवाले कंडक्टरकाका

पाण्यात गळ टाकण्याआधी कंडक्टरकाका तोंडानेच "टिंग टिंग" करत. डबल बेल दिल्याशिवाय गाडी हलायची नाही, तसा त्यांचा गळही हलायचा नाही. एसटीतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण बेलची दोरी काही हातून सुटली नव्हती. मी शेवगावात नोकरीला आले तेव्हा त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहू लागले. पहिल्याच दिवशी सामानासकट जिन्यात घुटमळत होते, तर खालून आवाज आला, "पुढं सरका म्याडम, दारात थांबू नका."

मासे धरण्याचा नाद मला मोबाईलने लावला. व्हिडिओ बघून मी नकली आमिषांचा डबा मागवला होता. त्यात रबरी मासळ्या, हिरवे बेडूक, गळ जोडलेले पत्र्याचे चकचकीत चमचे होते. काका मला जायकवाडी धरणाच्या फुगवट्यावर घेऊन गेले. दुपारपर्यंत मी चमचे फेकत राहिले. मासे चमच्यामागे यायचे, बघायचे आणि निघून जायचे. शेवटी काकांनी तो चमचा मागून घेतला, त्याच्या गळाला गांडुळाचा एवढासा तुकडा टोचला आणि म्हणाले, "चमचा म्हंजी गाडीचा बोर्ड. बोर्ड बघून पाशिंजर थांबतंय, पन आत जागा दिसल्याबिगर चढत न्हाई." थोड्याच वेळात माझी पहिली मासळी, एक चिलापी, गळाला चढली.

मग मला हाव सुटली. अख्खं गांडूळ लावा म्हणून मी मागे लागले. काका हसले. "बोर्डावर बोचकं टांगलं तर गावाचं नाव कसं दिसंल?" आणि खरंच, गांडूळ लोंबायला लागलं की चमचा पाण्यात नाचायचा थांबतो, नुसता ओढला जातो. हे कुठल्या व्हिडिओत मी ऐकलं नव्हतं, किंवा ऐकलं असेल तर डोक्यात शिरलं नव्हतं.

पण गांडुळाला हात लावणं काही मला जमेना. मी तोंड फिरवून गळ पुढे करायची आणि काका आमिष लावायचे. "तिकीट कंडक्टरनंच फाडायचं असतंय," एवढंच म्हणायचे. त्यावरून त्यांनी मला कधी चिडवलं नाही.

ती गांडुळं ते श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात, ओल्या मातीत, फ्रिजमध्ये ठेवत. एका पाडव्याला काकूंच्या भावाने पुरी हातात धरून नेमका तोच डबा उघडला. तेव्हापासून डब्याला फ्रिजबंदी झाली आणि काकांना त्या दिवशी श्रीखंडबंदी. उरलेली गांडुळं मात्र ते कधी फेकत नसत. काकूंच्या गुलाबाच्या कुंडीत सोडत आणि म्हणत, "ह्यांचं परतीचं तिकीट हाय."

काका काही संत नव्हते. पाण्यात बुडालेल्या बाभळीत माझं सगळ्यात महागाचं आमिष त्यांनी अडकवलं आणि तोडलं. वर म्हणाले, "विनाथांबा गेली!" मी आठवडाभर अबोला धरला, तो त्यांच्या लक्षातही आला नाही.

पुढे शुगरने त्यांचे डोळे खाल्ले. आधी दोरा ओवेना, मग पायरी दिसेना. काकूंनी गळाची काठी माळ्यावर टाकून दिली. "पान्यात पडले तर कुनी काढायचं?" म्हणाल्या. त्यांचं चुकत नव्हतं. काका ओट्यावर बसून आवाजावरून गाड्या ओळखत राहायचे, "ही पाथर्डी. ही नेवासा." पण टिंग टिंग बंद झालं. डोळे गेल्याचं त्यांनी सोसलं होतं. ते गप्प झाल्याचं मला सोसवेना.

माझ्या बदलीची ऑर्डर आली तेव्हा ते हळूच म्हणाले, "जायच्या आधी एकदा फुगवट्यावर न्याल का?" काकूंनी ऐकलं. त्यांनी माळ्याला शिडी लावली. आमच्याबरोबर त्याही आल्या, काकांच्या सदऱ्याचं टोक मुठीत धरून.

ती आमची शेवटची फेरी ठरली. काठावर खुर्ची टाकून काका बसले आणि डबा चाचपू लागले. गांडूळ निसटून मातीत पडायचं, ते पुन्हा शोधायचे, पुन्हा निसटायचं. मला बघवेना. मी डब्यात हात घातला. गार, वळवळतं काहीतरी बोटांना लागलं. तरी एवढासा तुकडा तोडला आणि चमच्याच्या गळाला टोचला.

काकांनी अंगठ्याने चमचा चाचपला, मग गळ. आता बोर्डावर बोचकं टांगलं म्हणणार, असं मला वाटलं.

"बोर्ड दिसतोय," काका म्हणाले.

मी काठी त्यांच्या हातात दिली. ते तसेच थांबले. "कंडक्टर बदलला आता. बेल तुमी द्या, म्याडम."

मला काही केल्या आवाज फुटेना. काका काठी उचलून वाट बघत होते.

मागून काकू म्हणाल्या, "टिंग टिंग."