जांभळ्या फितीचं दुपटं

अमेरिकेतल्या आमच्या काउंटीत माणूस गेला की लोक आधी हळहळतात आणि मग त्याला जत्रेतल्या स्पर्धांत कोणत्या रंगाच्या फिती मिळाल्या होत्या ते आठवू लागतात. निळी म्हणजे पहिला नंबर, लाल म्हणजे दुसरा, पांढरी म्हणजे 'आलात, बरं वाटलं'. आणि जांभळी म्हणजे सगळ्या निळ्यांच्या डोक्यावर बसलेली एकुलती एक. डुकरांना जांभळी असते, लोणच्याला असते, भोपळ्याला असते. विणकामालाही असते. ती वर्षानुवर्षं न चुकता मार्व्हेल पाव्हलिकच्या घरी जायची.

आर्डिथ ह्रूबीच्या घरी लाल जायची.

आर्डिथ माझी शेजारीण. नात्याने ती कुणाचीच मावशी नव्हती, तरी अख्खं गाव तिला आर्डिथमावशी म्हणायचं, कारण शाळेच्या स्वयंपाकघरात उभं राहून तिने अख्ख्या गावाला सक्तीने मटार खायला घातले होते. आता टक्कल पडलेले, ट्रॅक्टर हाकणारे बाप्येसुद्धा तिच्यासमोर ताटात काही टाकायला धजत नसत. तिचा नवरा लेस्टर हा फार शांत माणूस. त्याने तिच्याशी वाद घालणं सोडलं आणि थोड्याच दिवसांत तो गेला. डॉक्टर म्हणाले, हृदय. गावाचं मत वेगळं होतं.

क्रोशाची सुई तिच्या हातात कायम. चर्चमधलं लांबलचक प्रवचन असो, टीव्हीवरचा फुटबॉल असो, सुई चालूच. पण तिचं घोडं एका जागी अडायचं. मार्व्हेलला हरवायचं म्हणून ती दर वर्षी काहीतरी भयंकर अवघड काढायची. एकदा गुलाब वर उठून आलेला टेबलक्लॉथ केला, त्यावर कप ठेवला की लवंडायचा. एकदा मोर केला, तो टर्कीसारखा झाला. आणि ईर्षेने विणायला बसली की हात घट्ट पडायचा, कडा आत ओढल्या जायच्या. परीक्षक बाई कुठलीही असो, दुसऱ्या काउंटीतून यायची, चष्मा नाकावर सरकवायची आणि म्हणायची, "काम कष्टाचं आहे, पण ताण फार आहे."

"ताण माझ्यात नाही, तिच्या डोळ्यांत आहे," मावशी मला सांगायची. मी जत्रेतल्या विणकामाच्या दालनात खुर्च्या मांडणारा स्वयंसेवक, त्यामुळे निकालानंतरचा पहिला तडाखा मलाच बसायचा.

मग तिच्या मुलाच्या, कर्टिसच्या बायकोला दिवस गेले.

शेल्बी आमच्या गावची नव्हती. तिला आईबाप आठवत नव्हते. सरकार ठेवेल त्या परक्या घरांत वाढलेली पोरगी. बोलायची कमी, हसायची त्याहून कमी. पण मावशीने लोकर काढली की ही समोर येऊन बसायची आणि गुंडी करून द्यायची. रंग तिनेच निवडला, लोण्यासारखा फिकट पिवळा. दुकानात भेटली तेव्हा आपणहून मला म्हणाली, "मॉम बाळासाठी दुपटं विणतायत." मी म्हटलं, वा. तरी ती तिथेच उभी. "हाताने विणतायत," तिने पुन्हा सांगितलं. दुपटं दुसऱ्या कशाने विणतात ते मला ठाऊक नव्हतं, पण तिच्या तोंडाकडे बघून मी विनोद गिळला. असं फार वेळा होत नाही.

नमुना अगदी साधा होता. पाच खांबांचा एक शिंपला, मग साखळीची जाळी, पुन्हा शिंपला. चर्चमधल्या पोरींना पहिल्यांदा सुई धरायला शिकवतात तेव्हा हाच देतात. जत्रा मावशीच्या डोक्यातही नव्हती. बाळाला खरखरीत लागू नये, त्याची बोटं जाळीत अडकू नयेत, एवढाच विचार. त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा तिचा हात सैल पडला.

पुरं झाल्यावर तिने दुपटं ओलं करून, टाचण्या लावून, पाहुण्यांच्या खोलीतल्या पलंगावर ताणून ठेवलं आणि खिडकीची जाळी बसवायला मला बोलावलं.

"डेल, इकडे ये. काय दिसतंय?"

"दुपटं."

"अरे गाढवा, नीट बघ."

मी नीट बघितलं. "चारी बाजू सारख्या आहेत."

"आहेत ना?" तिचा आवाज चर्चमध्ये शिरल्यासारखा खाली आला. "कुठे ओढलेलं आहे? नाही ना? ही जाळी बघ. हिच्यात आणि त्या टोकाच्या जाळीत फरक दाखव. दाखव की!"

मला दाखवता आला नाही. मी तिच्याकडे बघितलं आणि मला कळलं की आता हे दुपटं बाळाचं राहिलं नाही.

आमच्या जत्रेचा नियम असा, की वस्तू त्या वर्षातली हवी आणि न वापरलेली हवी. नियम नुसता कागदावर नाही. परीक्षक बाई वस्तू चक्क हुंगते. मांजराचा केस निघाला, तंबाखूचा वास आला, की संपलं. बाळ मे महिन्यात झालं आणि जत्रा जुलैच्या शेवटी.

बाळाचं नाव एमेट. दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवशी मावशी जर्दाळू भरलेले गोड पाव, कोलाचे, घेऊन गेली. दुपटं नेलं नाही. आठवडाभराने शेल्बी बाळाला घेऊन तिच्या ओट्यावर आली. मी कुंपणापाशी गवत कापायचं यंत्र उघडून बसलो होतो.

"मॉम, ते झालं असेल ना?"

"झालंय की! बघायचंय? हात धुऊन ये."

दोघी आत गेल्या. थोड्या वेळाने बाहेर आल्या तेव्हा बाळ होतं त्याच फडक्यात होतं.

"दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे," मावशी म्हणत होती. "बाळ काय पळून चाललंय?"

"नाही," शेल्बी म्हणाली.

"आणि उन्हाळ्यात कशाला हवंय त्याला दुपटं? घामोळं येईल पोराला."

मावशीच्या बोलण्यावर कधीच उत्तर नसायचं, हाच तिचा दोष होता.

मग बाप्तिस्मा आला. आमच्या चर्चमध्ये बाळाला घरच्या बाईने विणलेल्या दुपट्यात आणतात. कुणी तसा नियम केलेला नाही, पण न आणलं तर मागच्या बाकांवर कुजबुज होते. आदल्या दिवशी शेल्बी पुन्हा आली. या वेळी कर्टिसही बरोबर होता, आईसमोर उभं राहताना तो नेहमी उभा राहतो तसा, बुटांकडे बघत.

"फक्त एक तास, मॉम. चर्चपुरतं."

"आणि दूध ओकला म्हणजे?"

"धुऊ की."

"धुतलेलं कळतं गं! त्या बाया काय आंधळ्या आहेत?"

"मी त्याला आधी पाजणारच नाही."

"म्हणजे भुकेने रडेल आणि दुपटं चघळेल. छान!"

"आई," कर्टिस म्हणाला, "दे ना."

"तू गप. तुला लोकरीतलं काय कळतं? फीत एकदा मिळू दे, मग त्याने त्यात शू करावी, मी टाळ्या वाजवीन."

शेल्बी म्हणाली, "मी लोकांना सांगितलं होतं."

एवढंच. आवाज चढवला नाही, डोळे पुसले नाहीत. तिला ती सवयच नव्हती. परक्या घरांत वाढलेली माणसं एखादी गोष्ट दोनदाच मागतात.

एमेट ह्रूबीचा बाप्तिस्मा दुकानातल्या पांढऱ्या टॉवेलात झाला. मागच्या बाकांवर कुजबुज झाली. मावशी पहिल्या बाकावर ताठ बसली होती. तिला वाटलं, लोक तिच्या टोपीबद्दल बोलतायत.

जूनमध्ये गावातलं धान्याचं कोठार मालकाने बंद केलं आणि कर्टिसची नोकरी गेली. दूर आयडाहो राज्यात एका बटाट्याच्या गोदामात त्याला काम मिळालं. जत्रेच्या आदल्याच आठवड्यात त्यांनी ट्रक भरला. पाळणा चढवायला मी हात लावला. मावशी सगळ्यांना ओरडत होती, दोर असा बांध, गादी तशी घाल. ती ओरडत होती, कारण ती गप्प राहिली असती तर रडली असती. हे मला माहीत होतं, कर्टिसला माहीत होतं. शेल्बीला कुणी सांगितलं नव्हतं.

"जत्रा झाली की लगेच पाठवते हं," मावशी ट्रकच्या खिडकीशी म्हणाली.

"बरं," शेल्बी म्हणाली.

निकालाच्या दिवशी दालनात पंखे असूनही लोणी वितळेल असा उकाडा होता. सगळ्या बाया खुर्च्यांवर, हात मांडीवर, तोंडं मिटलेली. आमच्याकडे परीक्षण सगळ्यांसमोर मोठ्याने होतं आणि त्या वेळी शिंकणंही असभ्य समजतात. परीक्षक बाईने पिवळं दुपटं उचललं. हुंगलं. उलटं केलं. टोकं कुठे दडवलीत ते शोधलं, सापडली नाहीत. मग म्हणाली, "साधं आहे. पण ज्या हाताने हे केलंय तो हात अगदी निवांत होता."

आणि तिने जांभळी फीत लावली.

मावशी उठली, बसली, पुन्हा उठली. मी तिला पाणी दिलं, ते तिने शेजारणीला दिलं. मार्व्हेल पाव्हलिक गुडघे धरत आली आणि तिने मावशीचा हात मनापासून दाबला. मार्व्हेल वाईट बाई नव्हती. हरायची सवय नसलेली माणसं पहिल्यांदा हरताना फार सुंदर वागतात.

"आर्डिथ, बाई, मी हरले. नातवाला आवडलं का गं?"

"त्याने अजून बघितलं नाही," मावशी म्हणाली.

मार्व्हेलचा चेहरा बदलला. ती काही बोलणार, तेवढ्यात परीक्षक बाई कागद घेऊन आली. जांभळी फीत मिळालेलं काम राज्याच्या जत्रेला जातं. तिथेही नियम तोच, न वापरलेलं. पाठवायचं का?

मावशीने माझ्याकडे बघितलं. मी खुर्च्या मिटत राहिलो. तिला कुणी काही सांगितलेलं कधी आवडलेलं नव्हतं, आणि मला शाळेतले मटार आठवत होते.

"पाठवा," ती म्हणाली.

राज्याच्या जत्रेत दुपट्याला काहीही मिळालं नाही. पांढरीसुद्धा नाही. काचेच्या कपाटात खालच्या खणात, लोकरीच्या एका प्रचंड लाल घुबडाच्या मागे ते लटकलं होतं, असं बघून आलेल्यांनी सांगितलं. परत आलं तेव्हा थंडी पडली होती. मग मावशीचा पोस्टावरचा विश्वास उडाला. "हरवलं तर? जांभळ्या फितीचं आहे ते! मीच नेऊन देईन." मग रस्त्यांवर बर्फ आला. मग तिचा पाय मुरगळला. दर रविवारी ती फोन करायची आणि कर्टिस बोलायचा. शेल्बी नेहमी बाळाला न्हाऊ घालत असायची. इतकं स्वच्छ बाळ आयडाहोत दुसरं नसेल.

पुढच्या जूनमध्ये मला तिकडून एक जुना ट्रेलर आणायचा होता, म्हणून मी मावशीला गाडीत घातलं. दुपटं तिने सगळा रस्ता मांडीवर धरलं. वाटेत एकदाच बोलली, "वर्षाचं पोर दुपटं घेतं ना रे?"

"घेतं की. ओढत फिरतं."

"फिरू दे. फाडू दे. मी दुसरं करीन."

घर नीटनेटकं होतं. शेल्बीने दार उघडलं. "या, आर्डिथ," ती म्हणाली. पूर्वी मॉम म्हणायची. तिच्या पायामागून एक गुबगुबीत पोरगं डोकावलं, मावशीने हात पसरले, आणि त्याने भोकाड पसरलं.

"नवीन माणसांना घाबरतो तो," शेल्बी म्हणाली. टोमणा नव्हता. टोमणा असता तर मावशीला उत्तर देता आलं असतं.

जेवण चांगलं होतं. बटाटे होतेच. जेवणानंतर मावशीने दुपटं काढून शेल्बीच्या हातात दिलं. तिने ते उलगडलं आणि प्रकाशात धरलं.

"फार सुंदर आहे," ती म्हणाली, आणि घडी घालायला लागली.

"अगं, घडी काय घालतेस? त्याला दे की!"

"नको, घाण करेल."

"करू दे."

"मुळीच नको. इतकं जपलंय तुम्ही."

कर्टिस बुटांकडे बघत होता. मावशीने तिच्या हातातून दुपटं घेतलं, गुडघे मोडून खाली बसली (हे तिला सोपं नव्हतं, आणि मी पुढे केलेला हात तिने झिडकारला) आणि ते जमिनीवर पसरलं. "ये रे, एमेट. ये, लोळ. बघ किती मऊ."

पोरगं आलं. आधी लांबून बघितलं, मग वाकून जाळीच्या एका भोकात बोट घातलं आणि ओढलं. मावशीचं तोंड उजळलं. ते खुदकन हसलं, दुसऱ्या हातातलं केळं घेऊन दुपट्यावर पाय टाकणार, इतक्यात शेल्बीने त्याला उचललं.

"नाही, राजा. हात लावायचा नाही. ते आर्डिथआजीचं आहे."

फार प्रेमाने सांगितलं तिने. आई मुलाला शेजारच्या बागेतली फुलं तोडू नको म्हणून सांगते, तसं.

मावशी जमिनीवर बसून राहिली. या बाईला गप्प बसलेलं मी लेस्टरच्या अंत्यविधीलाही बघितलं नव्हतं. मग तिने स्वतःच घडी घातली. शेल्बीने ती घेऊन कपाटाच्या सगळ्यात वरच्या खणात ठेवली, म्हणाली, "इथे नीट राहील," आणि आम्हाला कॉफी विचारली.

निघताना ती दारात उभी राहिली, पोराला कडेवर घेऊन. "बाय कर," ती म्हणाली. एमेट गुणी पोर होता. त्याने आधी मला हात हलवला, मग मावशीला. दोघांना अगदी सारखाच.